जोर लावला की घंटा उशिरा का वाजते?

प्रश्न विचारणारे गृहस्थ तबला शिकलेले आहेत, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतात आणि पाच महिन्यांपासून गावातल्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यात चेंज रिंगिंग, म्हणजे मोठ्या घंटा दोराने ओढून दर खेपेला वेगळ्या क्रमाने वाजवायची कला, शिकायला जातात. सहा घंटांचा संच आहे. त्यांची तक्रार थोडक्यात अशी: एकट्याने घंटा नीट सांभाळता येते, प्लेन हंटचा, म्हणजे प्रत्येक घंटा एकेक जागा मागे आणि मग पुढे सरकते त्या साध्या रचनेचा, क्रम कागदावर तोंडपाठ आहे, पण सहा जणांत उभं राहिलं की माझी घंटा उशिरा वाजते. घाई करावी म्हणून जोरात ओढतो, तर आणखी उशीर. शिकवणारे एकदा ‘ऐक’ म्हणतात, एकदा ‘दोर बघ’ म्हणतात. लयीत वाढलेल्या माणसाला हे का जमू नये? शेवटी त्यांनी आणखी विचारलंय: हे गणित आहे की संगीत, एखादी धून का वाजवत नाहीत? आपल्याकडच्या देवळांतल्या पोर्तुगीज घंटा अशा वाजवता येतील का? मी हिंदू आहे, त्याची अडचण होईल का? आणि जमत नसेल तर सोडून द्यावं का?

मी इंग्लंडमधल्या एका मनोऱ्यात बरीच वर्षं घंटा वाजवतोय आणि नव्यांना शिकवतोही, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमची लय बिघडलेली नाही. ती पक्की आहे म्हणून तर उशीर झालेला तुमचा तुम्हाला कळतो. पुष्कळ नवशिक्यांना आपली घंटा सहातली कुठली हेच वर्षभर ऐकू येत नाही. तुमची अडचण वेगळी आहे. तबल्यावर हात पडला की बोल त्याच क्षणी उमटतो, हात आणि कान यांच्यात अंतरच नसतं. इथे तुम्ही दोर ओढता आणि ठोका ऐकू येतो जवळपास सेकंदभराने. तो ठोका कधी पडणार हे त्या ओढीत ठरत नाही, त्याआधी घंटा वर चढत असताना तुम्ही तिला कुठे थोपवलंत त्यावर ठरून गेलेलं असतं. तुमचा हात अजून तबल्याच्या हिशोबाने चालतोय. चूक ऐकू आली की तो तिथल्या तिथे दुरुस्त करायला धावतो, आणि इथे तिथल्या तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

यातलं काही तुमच्या मनोऱ्यावरही अवलंबून आहे, ते मला इथून दिसणार नाही. काही घंटांचा लोलक एका दिशेला वेळेवर आणि दुसऱ्या दिशेला उशिरा आदळतो. अशी घंटा अनुभवी माणसालाही हँडस्ट्रोकला (एका दिशेच्या ओढीला) एक आणि बॅकस्ट्रोकला (परतीच्या ओढीला) दुसरा हिशोब करायला लावते. दोर लांब असेल, म्हणजे घंटा खूप वर आणि तुम्ही खूप खाली असाल, तर तो हलतो, ताणला जातो. हवा दमट असली की दोराची लांबी बदलते. काही मनोऱ्यांत आत उभं राहून ऐकलं तर तीन घंटा स्पष्ट आणि तीन पुसट येतात. म्हणून आधी तुमच्या टॉवर कॅप्टनला, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या प्रमुखाला, सरळ विचारा: ‘ही घंटा दोन्ही बाजूंना सारखी वाजते का? मी तीन नंबरऐवजी दोन नंबर घेऊन बघू का?’ घंटा बदलल्यावर उशीर गेला तर दोष तुमचा नव्हताच. बहुतेक तो पूर्ण जाणार नाही, पण खात्री करून घेतलेली बरी.

आता यंत्राकडे या, कारण सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे. घंटा एका आडव्या तुळईला घट्ट बसवलेली असते आणि तुळईच्या एका टोकाला मोठं लाकडी चाक असतं. दोर त्या चाकाच्या कडेवरून खाली येतो. वाजवायच्या आधी घंटा झुलवत झुलवत तोंड वर करून उभी करतात. तिथून प्रत्येक ओढीला ती जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. एकदा दोराच्या लोकरी झुपक्यावर, म्हणजे सॅलीवर, हात ठेवून ओढायचं, तो हँडस्ट्रोक. मग दोराचं शेपूट धरून ओढायचं, तो बॅकस्ट्रोक. लोलक आदळतो तो घंटा खालून पुन्हा वर चढत असताना, म्हणून ओढ आणि ठोका यांच्यात वेळ जातो. ठोका पडल्यावर घंटा वर चढतच राहते आणि समतोलाच्या बिंदूजवळ पोचते. त्या बिंदूच्या जितकी जवळ जाईल तितकी ती रेंगाळते. तिथे तीन-चारशे किलोचं धातूचं वजन दोन बोटांनी पेलता येतं, आणि तुमच्या हातात खरं नियंत्रण असतं ते तेवढ्याच काळात.

झोपाळ्याला जोरात धक्का दिला तर तो लवकर परत येत नाही, उंच जातो आणि वेळ लावतो. तुमच्या ‘जोरात ओढलं की आणखी उशीर’चं कारण हेच आहे. उशीर झाला म्हणून तुम्ही जोर लावता. त्या जोराने आत्ताचा ठोका फार तर किंचित लवकर पडतो, पण घंटा नेहमीपेक्षा उंच चढते, समतोलाच्या पार टोकाला जाऊन रेंगाळते आणि पुढचा ठोका आणखी मागे पडतो. मग तुम्ही आणखी जोर लावता. दोन-तीन फेऱ्यांत घंटा स्टेवर धडकायला लागते. स्टे म्हणजे घंटेला उलटून जाऊ न देणारी लाकडी दांडी. ती बिचारी मोडण्यासाठीच असते, पण ती मोडली तर दोर ताबडतोब सोडून मागे व्हायचं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. सांगितलं नसेल तर आजच विचारा.

लवकर वाजवायचं असेल तर करायचं ते उलट: कमी ओढायचं आणि लवकर ओढायचं. बॅकस्ट्रोकला शेपूट दोन बोटं आखूड धरा. हँडस्ट्रोकला सॅलीवर हात नेहमीपेक्षा किंचित वर पडू द्या. त्याने घंटा समतोलाच्या अलीकडेच थोपते आणि तिथून परत फिरते. उशिरा वाजवायचं असेल तर दोर सैल सोडा, हात पूर्ण वर जाऊ द्या, घंटा टोकावर तोलून धरा आणि मग आणा. कष्ट त्या तोलण्यात आहेत. मी नव्या माणसाला फेरीत उभं करण्याआधी एकट्याने हेच करायला लावतो: चार ठोके सावकाश, चार जलद, पुन्हा चार सावकाश, आणि खांदे न उचलता. ‘घंटा नीट सांभाळता येते’ असं तुम्ही लिहिलंय. एका ठरलेल्या वेगाने ती सांभाळता येत असेल, यात शंका नाही. पण सांगितल्यावर त्याच ठोक्याला वेग बदलता येतो का? पाच महिन्यांच्या माणसाला बहुतेक येत नाही, आणि पुष्कळ मनोऱ्यांत माणसं कमी असल्यामुळे त्याला तरीही फेरीत घेतात.

किती वेग बदलायचा, याचा हिशोब तबलेवाल्याला आवडेल असा आहे. सहा घंटा एकदा वाजल्या की एक ओळ. ओळीला साधारण दोन सेकंद लागतात, म्हणजे दोन ठोक्यांत सेकंदाचा तिसरा हिस्सा. तुम्ही तिसऱ्या जागेवर असाल आणि पुढच्या ओळीतही तिसऱ्याच जागेवर राहायचं असेल, तर तुमचे दोन ठोके सहा मात्रांच्या अंतरावर पडतात. चौथ्या जागेवर सरकायचं असेल तर सात, दुसऱ्यावर यायचं असेल तर पाच. बस, पाच, सहा आणि सात, एवढेच तीन वेग. प्लेन हंटमध्ये तुम्ही मागे जाता तेव्हा सातचा वेग, शेवटच्या जागेवर दोन ठोके, मग पुढे येताना पाचचा वेग, आणि पहिल्या जागेवर पुन्हा दोन ठोके. जवळजवळ सगळे नवशिके मागे जाताना बरे वाजवतात आणि पुढे येताना उशीर करतात, कारण सातवरून पाचवर येताना घंटा एकदम अलीकडे थोपवावी लागते. तुमचा उशीर नेमका पुढे येतानाच होतो का, ते एकदा तपासा. तसं असेल तर सगळं निदान एका वाक्यात झालं.

त्यात अजून एक मेख आहे. हँडस्ट्रोकची ओळ आणि बॅकस्ट्रोकची ओळ झाली की पुढच्या हँडस्ट्रोकच्या आधी एक मात्रा मोकळी सोडतात. म्हणजे सहा घंटांवरचं आवर्तन सहा अधिक सहा अधिक एक, अशा तेरा मात्रांचं. आठ घंटांवर सतराचं. हे कोणी नीट सांगितलं नसेल तर तुम्ही मनात बाराचं आवर्तन मोजत असाल, आणि मग दर दुसऱ्या ओळीला तुमचा हिशोब आणि मनोऱ्याचा हिशोब एका मात्रेने फाटतो. एक गंमत सांगतो: डेव्हनमध्ये एक जुनी परंपरा आहे, तिथे कंडक्टर एकेक बदल पुकारतो आणि बाकीचे तो वाजवतात. ती मंडळी ही मोकळी मात्रा सोडत नाहीत, ओळीला ओळ चिकटवून वाजवतात. तिकडून आलेला चांगला वाजवणाराही आमच्याकडे पहिल्या दिवशी अडखळतो.

आता ‘ऐक’ आणि ‘दोर बघ’. या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, आणि शिकवणारे त्या दोन्ही एकदम ओरडतात हेही खरं. दोर बघायचा तो पुढच्या ठोक्याचा अंदाज येण्यासाठी: मला ज्याच्या मागून वाजवायचंय त्याचा दोर खाली यायला लागला की थोड्या अंतराने माझा. पण तो अंदाजच. कारण घंटांची वजनं वेगवेगळी असतात. सर्वांत लहान घंटा ट्रेबल, सर्वांत मोठी टेनर, आणि मोठ्या घंटेला ओढीपासून ठोक्यापर्यंत जास्त वेळ लागतो. तुम्ही हलक्या घंटेवर असाल आणि टेनरच्या मागून वाजवायचं असेल तर डोळ्यांना खूप लांब वाटेल इतकं थांबावं लागतं. उलट टेनरवाला ट्रेबलच्या मागून वाजवतो तेव्हा दोघांचे दोर जवळजवळ एकत्रच खाली येतात. डोळ्यांनी सगळ्यांमागे सारखंच अंतर ठेवलंत तर ठोके वाकडेतिकडेच पडणार. डोळा सांगतो कोणाच्या मागे, आणि किती मागे हे कान सांगतो. तुमचा कान तयार आहे. सध्या तुम्ही बहुधा डोळ्यांवर सगळा भार टाकताय, कारण ‘आता चारच्या मागे, आता पाचच्या मागे’ अशी यादी तुम्ही पाठ केली आहे.

ती यादी विसरा. पाठांतर घात करतं ते इथे. कोणाच्या मागे कोण, हे पाठ केलं तर एका माणसाने चूक केली की तुमचीही गाडी घसरते, कारण तुम्ही ज्याला शोधताय तो तिथे नसतो. पाठ करायची ती आपली जागा. आत्ता मी तिसरा, पुढे चौथा, पाचवा, सहावा, पुन्हा सहावा, पाचवा. आकडे मनात मराठीतच मोजा, मी अजून तसेच मोजतो. दर ओळीत मोजत राहायचं आणि आपल्या आकड्यावर आपला ठोका पडला का ते ऐकायचं. सहावा म्हणताना घंटा सातव्या मात्रेला वाजली तर पुढच्या चढणीला ती अलीकडे थोपवायची. जुने वाजवणारे एखाद्या रचनेतला आपला मार्ग निळ्या रेघेने काढतात आणि तेवढीच रेघ डोक्यात ठेवतात. बाकीच्या घंटा कुठे आहेत ते त्यांना दोर बघून कळतं.

आता धून का नाही, आणि हे गणित की संगीत.

धून वाजवायची तर एकच सूर लगेच पुन्हा लागतो, किंवा मध्येच लांब थांबावं लागतं. पूर्ण वर्तुळ फिरणारी घंटा साधारण दीड सेकंदाच्या आत पुन्हा वाजू शकत नाही, आणि फार वेळ थांबवून ठेवायची म्हणजे समतोलावर धरून दमायचं. वेग बदलतो तो पाच-सहा-सातच्या पट्ट्यात. म्हणजे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकू शकते, त्याहून जास्त नाही. सगळं गणित या अडचणीतून जन्मलं. शेजारच्यांनीच जागा बदलायच्या, कोणतीही ओळ पुन्हा वाजवायची नाही, आणि शेवटी मूळ क्रमावर परत यायचं: या अटींत किती ओळी वाजवता येतील? सतराव्या शतकात घंटांना पूर्ण चाकं बसली आणि लोकांनी हा खेळ सुरू केला. फेबियन स्टेडमन या छपाईच्या धंद्यातल्या माणसाने १६७७ साली त्यावर पुस्तक लिहून प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाची रचना आजही दर आठवड्याला कुठे ना कुठे वाजत असते. खेळ म्हटलं ते जाणूनबुजून. तेव्हाची वाजवणारी मंडळी प्रार्थनेपेक्षा बिअरसाठी जास्त प्रसिद्ध होती, आणि पाद्री लोकांचं आणि त्यांचं फारसं पटत नसे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि ती आपल्या देवगिरीची आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांच्या कूटतानांची (क्रम उलटसुलट केलेल्या तानांची) संख्या ५०४० दिली आहे, आणि त्या एकामागून एक कशा मांडायच्या याची प्रस्ताराची रीतही दिली आहे. चर्चच्या मनोऱ्यात सात घंटांच्या सगळ्या ओळी तेवढ्याच, ५०४०. पण मांडणी बघा. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. यात ‘रेसाग’वरून ‘सागरे’वर जाताना रे पहिल्या जागेवरून उडी मारून तिसऱ्यावर जातो. गळ्याला ते सोपं आहे, तीनशे किलोच्या घंटेला अशक्य. घंटांवर तेच सहा क्रम असे येतात: १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२, आणि पुन्हा १२३. दर वेळी एक शेजारची जोडी जागा बदलते, उडी कोणीच मारत नाही. शार्ङ्गदेवाला काहीही न चुकता, न गाळता यादी हवी होती. मनोऱ्यातल्या लोकांना हात मोडणार नाही अशी यादी हवी होती. तुम्ही तबल्यावर कायदा-पलटे केले असतील, तर या दुसऱ्या यादीतली मजा तुम्हाला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल.

प्लेन हंट सहा घंटांवर बारा ओळींत मूळ क्रमावर येतो. तिथे ट्रेबल पहिल्या जागेवर असताना दुसऱ्या जागेवरची घंटा सोडून बाकीच्यांनी एक पाऊल मागे घेतलं, म्हणजे डॉज केलं, की प्लेन बॉब मायनर होतो आणि साठ ओळी मिळतात. त्यात मध्येच कंडक्टरने ‘बॉब’ आणि ‘सिंगल’ अशा क्रम वळवणाऱ्या हाका योग्य ठिकाणी दिल्या की सगळ्या ७२०. त्याला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. सात घंटांच्या ५०४० ओळी एकही न चुकता पहिल्यांदा नॉर्विचच्या सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी वाजल्या असं मानतात. तीन तासांहून जास्त वेळ. आठ घंटांच्या ४०,३२० ओळी १९६३ साली लफबरोच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जणांनी न बदलता वाजवल्या, १७ तास ५८ मिनिटं. समोर कागद नाही, जागचं हलायचं नाही. संगीत की गणित हे तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर दोन्ही नंतर, आधी हा वजन तोलण्याचा व्यायाम आहे. म्हणूनच गणितातले पदवीधर इथे महिनोन् महिने अडकतात आणि शाळा अर्धवट सोडलेला गवंडी सहा आठवड्यांत सुंदर वाजवायला लागतो. त्याला जड वस्तू वेळेवर थांबवायची सवय असते.

सराव काय करावा? कॅप्टनला सांगा की मला दोन आठवडे हंट नको, राउंड्स, म्हणजे न बदलणारा मूळ क्रमच, द्या, आणि त्यात एकाच शेजाऱ्याबरोबर जागांची अदलाबदल करू द्या. तुम्ही आणि शेजारचा, एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. यात पाच आणि सातचे वेग आलटून पालटून येतात आणि चुकलं तर मूळ क्रम हाताशी असतो. बऱ्याच मनोऱ्यांत आता लोलक बांधून ठेवून घंटेचा आवाज संगणकातून काढण्याची सोय असते. ती असेल तर सोडू नका, कारण शेजाऱ्यांची झोप न मोडता तासभर एकट्याने सराव होतो, आणि तुमचा ठोका किती मागे पडला ते संगणक तोंड न बघता सांगतो. स्वतः वाजवत नसाल तेव्हा कट्ट्यावर बसून फोन बघू नका. डोळे मिटा आणि दर ओळीत ट्रेबल कितव्या जागेवर आहे ते मोजा. तुमच्यासारख्या माणसाला हे एका संध्याकाळी येईल, आणि त्याचा फायदा दहा फेऱ्या वाजवण्याइतका आहे. एक गोष्ट मात्र करू नका: घरी टेबलावर बोटांनी ठोके देत क्रम पाठ करणं. त्याने तुमची तबल्याची सवय आणखी पक्की होते, ठोका हाताबरोबर पडतो ही. घरी करायचंच असेल तर दोन हातांत दोन छोट्या हँडबेल घेऊन चार-सहा जणांत बसा. तो वेगळा आणि भारी अवघड प्रकार आहे, पण मोजणी पक्की होते.

देवळांतल्या घंटांविषयी. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणी देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीसारखी तोंडात आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. या घंटा आता एका जागी टांगलेल्या आहेत. लोलक हलतो, घंटा नाही. त्यांचं देखणेपण वेगळं, पण त्यांच्यावर चेंज रिंगिंग होणार नाही. त्यासाठी चाक, सांगाडा आणि एकमेकींशी सुरात जुळलेला संच लागतो, एकटी घंटा कितीही मोठी असली तरी काय बदलणार? असा संच बघायचा असेल तर पुण्यात बघा. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या चर्चच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, चाकावर टांगलेल्या. टिळक-रानडे यांच्यावर १८९० सालच्या ज्या चहावरून ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग आला, तोच हा पंचहौद. आपल्याकडे चहाची गोष्ट सगळ्यांना माहीत, घंटांची कोणालाच नाही.

धर्माचं म्हणाल तर अडचण येत नाही. मी कधी लपवलं नाही आणि मला कोणी कधी विचारलंही नाही, एवढं माझ्यापुरतं सांगू शकतो. मनोऱ्यात नास्तिक पुष्कळ असतात. अपेक्षा असते ती एकच, आणि ती न सांगता असते: सरावाच्या संध्याकाळी येणाऱ्याने रविवारी सकाळी प्रार्थनेआधी वाजवायलाही यावं, कारण चर्च घंटा वापरू देतं ते त्यासाठी. वाजवून झाल्यावर प्रार्थनेला थांबलं नाही तरी चालतं. लग्न असलं तर बहुतेक ठिकाणी वाजवणाऱ्यांना थोडे पैसे मिळतात. अंत्ययात्रेला आणि नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक ओळ मोठ्याने आणि पुढची दुरून आल्यासारखी येते. पहिल्या महायुद्धात सुमारे चौदाशे वाजवणारे मारले गेले असा अंदाज होता, आणि २०१८ साली युद्धसमाप्तीच्या शताब्दीला तेवढेच नवे लोक तयार करायची मोहीम झाली. त्यातून आलेले बरेच जण आज माझ्या आसपासच्या मनोऱ्यांत टिकून आहेत. कोण कुठल्या देवाचं, याची चौकशी तेव्हाही झाली नव्हती.

सोडून द्यावं का, हे तुम्हाला आठवड्यात दोरावर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो त्यावर आहे. दीड तासाच्या सरावाला दहा माणसं आली तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि त्यातली दहा राउंड्समध्ये जातात. एवढ्यावर पाच महिने म्हणजे प्रत्यक्षात फार थोडा सराव. शेजारच्या गावातला सराव वेगळ्या दिवशी असतो, तिथेही जा. इंग्लंडात पाच हजारांहून जास्त मनोऱ्यांत असे संच आहेत आणि दारात उभ्या राहिलेल्या नवख्याला परत पाठवण्याची पद्धत नाही. दुसऱ्या मनोऱ्यातल्या अनोळखी घंटेवर तुमचा अंदाज पहिल्यांदा पार कोसळेल. कोसळू द्या, त्यानेच तो तुमच्या एका घंटेपुरता न राहता खरा होतो. शेपूट आखूड धरण्याची गोष्ट तेवढी याच बुधवारी करून बघा, आणि पुढे येतानाचे ठोके सुधारले की नाही ते मला कळवा. सुधारले नाहीत तर घंटेचं वजन आणि दोराची लांबी विचारून घेऊन लिहा, मग पुढचं बघू.